किती वाचले ते नको, पुस्तक कसे मिळाले ते लिहा

महिना संपत आला की पुस्तकांचे ढीग दिसू लागतात. आठ-दहा पुस्तके एकावर एक रचलेली, शेजारी कॉफीचा मग, खाली आकडा: या महिन्यात नऊ, वर्षात आतापर्यंत सत्तावन्न. जानेवारीत साठांचा संकल्प सोडलेला असतो, म्हणून नोव्हेंबर उजाडला की पातळ पुस्तकांचे प्रमाण वाढते. हे सगळे ओळखीचे लोक असतात, त्यांतले काही खरोखर चांगले वाचणारेही असतात. वाचले, मोजले, चारचौघांना सांगितले, यात बिघडले कुठे?

बिघडते ते असे. ज्या गोष्टीवर हा हिशेब उभा आहे, नेमकी तीच त्यातून गाळलेली असते. पुस्तक त्या हातापर्यंत आले कसे? विकत घेतले तर पैसे कोणाचे? वाचायला शांत खोली कोणाच्या घरात होती, आणि त्या वेळी स्वयंपाक कोण करत होते? हे सगळे पुसून टाकले की उरतो फक्त आकडा. मग तो आकडा म्हणजे जणू त्या माणसाची एकट्याची कमाई, त्याचे 'मेरिट'. आरक्षणाच्या वादात आपल्याला रोज जे ऐकवले जाते तेच हे, फक्त इथे ते देखणे मुखपृष्ठ लावून येते. घरात तीन पिढ्यांचे पुस्तकांचे कपाट असलेला माणूस आणि ज्याच्या घरात शिरलेले पहिले पुस्तक म्हणजे पहिलीचे पाठ्यपुस्तक असा माणूस, दोघांना एकाच तक्त्यात उभे करायचे आणि म्हणायचे, बघा, याने साठ वाचली, याने अकरा.

मी नोंदीच्या विरोधात नाही. एम.ए.ला आल्यापासून मी महिन्याच्या महिन्याला वाचनाची नोंद ठेवते, साध्या दोनशे पानी वहीत. नाव, लेखक, भाषा हे रकाने सगळ्यांचे असतात तसे माझेही आहेत. त्यापुढे आणखी तीन आहेत: कोणाकडून आले, किती पैसे पडले, कुठे बसून वाचले. 'कितवे' हा रकाना नाही. या तीन रकान्यांनी मला वाचनाच्या समाजशास्त्राबद्दल जेवढे शिकवले तेवढे वर्गात कोणी शिकवले नाही, आणि मी समाजशास्त्रातच पीएचडी करते आहे.

किमतीचा रकाना घ्या. क्षुल्लक वाटतो ना? लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले आणि त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापले, हे आपल्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. इंग्रजी आवृत्ती दीड हजार प्रतींची होती आणि ती दोन महिन्यांत संपली, हे त्यांनीच पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्या पुस्तिकेवर गांधींनी 'हरिजन'मध्ये जे लिहिले त्यातला एक तपशील मात्र आपण सहसा सोडून देतो. पुस्तिकेची किंमत आठ आणे होती. गांधींना ती जास्त वाटली, दोन आणे करावी, निदान चार आणे तरी, असे त्यांनी सुचवले. म्हणजे 'जातिनिर्मूलना'वरच्या त्या ऐतिहासिक वादात किमतीचाही मुद्दा होता. सभेने नाकारलेले भाषण पदरचे पैसे घालून छापणाऱ्या माणसाला किमतीबद्दल सल्ला मिळत होता. यावर प्रत्येकाने आपापले मत बनवावे. मला एवढेच म्हणायचे आहे की पुस्तक किती आण्यांना पडते हा आपल्या परंपरेत कधीच किरकोळ प्रश्न नव्हता.

आजही नाही. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला इंग्रजी खंड १९७९ साली काढला, वसंत मून यांच्या संपादनाखाली. जाड, साधे, स्वस्त खंड. हे खंड मिळवणे हीच कित्येक घरांत एक मोहीम असते. २०२१च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला एका वर्तमानपत्रातल्या बातमीवरून या प्रकाशनाच्या रखडलेल्या कामाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. छपाईसाठी घेतलेला कोट्यवधी रुपयांचा कागद गोदामात पडून असल्याची ती बातमी होती. कागद आहे, वाचक आहे, मागणी आहे, फक्त पुस्तक नाही. मग माणूस काय करतो? पीडीएफ उतरवून घेतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड ठेवलेले आहेत, तिथून. माझ्या वहीत अशा नोंदींपुढे किमतीच्या जागी शून्य आणि जागेच्या रकान्यात 'फोनवर, लोकल डब्यात' असे लिहिलेले सापडते. हे वाचन ढिगाच्या छायाचित्रात येत नाही. फोनमधल्या पीडीएफचा ढीग रचता येत नाही आणि त्याला मुखपृष्ठाचा कणाही नसतो.

'कोणाकडून आले' हा रकाना सगळ्यात बोलका. शाळकरी वयातली एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर भीमरावांचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या एका पुस्तकाची वाट पुढे १९५६च्या नागपूरपर्यंत गेली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कल्पना करा, त्या मुलाने त्या महिन्याच्या वाचनाची नोंद केली असती तर 'एकूण: एक' एवढे लिहून काय कळले असते? खरी माहिती आहे ती देणाऱ्याच्या नावात.

अलीकडच्या काळातले उदाहरण हिंदी पट्ट्यातले घ्या. पेरियारांचे रामायणावरचे पुस्तक ललई सिंह यादव यांनी १९६८ साली 'सच्ची रामायण' म्हणून हिंदीत आणले. १९६९ साली उत्तर प्रदेश सरकारने ते जप्त केले. १९७१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली तिथेही हरले. तमिळमधले एक पुस्तक कानपूर-लखनौच्या वाचकाच्या हातात येईपर्यंत वाटेत दोन न्यायालये आणि सात-आठ वर्षे. ते पुस्तक वाचल्याची नोंद आणि विमानतळावर घेतलेल्या यशस्वी उद्योजकाच्या आत्मचरित्राची नोंद, दोन्ही तक्त्यात 'एक' म्हणूनच बसतात.

महिन्यांकडेही जरा पाहा. मराठी वर्तमानपत्रांचे पुस्तकांचे कॅलेंडर ठरलेले आहे: दिवाळी अंक, साहित्य संमेलन, आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी वाचनसंस्कृती कशी लयाला चालली आहे यावर एक अग्रलेख, एक व्यंगचित्र. माझ्या वहीत हे महिने अगदी सामान्य जातात. फुगतात ते वेगळेच. डिसेंबर फुगतो, कारण सहा डिसेंबर आणि शिवाजी पार्कातले स्टॉल. एप्रिल फुगतो. विजयादशमी ज्या महिन्यात येईल तो महिना फुगतो, कारण दीक्षाभूमीवर गेलेले कोणी ना कोणी पिशवी भरून आणते. आता मी महाराष्ट्राबाहेर राहते, तर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीजवळ कुठेतरी सम्यक प्रकाशनाची हिंदी पुस्तके मांडलेली असतात का, हे आधी शोधते. माणसे रांगेत तासन्‌तास उभी राहतात आणि परतीच्या गाडीला लागणाऱ्या पैशांतून बाजूला काढून वीस रुपयांची पुस्तिका घेतात. वाचनसंस्कृतीचा अग्रलेख लिहिणाऱ्याने यांतला एक तरी स्टॉल पाहिला असता तर त्याला निदान शीर्षक बदलावे लागले असते. लयाला कोणाची संस्कृती चालली आहे ते नीट लिहावे, सगळ्यांची म्हणू नये.

त्या पुस्तिका बहुतेकदा मधोमध पिना मारलेल्या असतात. आयएसबीएन नाही, कधी प्रकाशनवर्षही नाही, मागच्या पानावर फक्त एक मोबाइल क्रमांक. वाचनाचा हिशेब ठेवणारी जी ॲप आहेत, त्यांतले सर्वांत मोठे गुडरीड्स २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचे आहे. त्यात अशी पुस्तिका शोधून सापडत नाही. हाताने भरावी लागते, आणि भरली तरी मुखपृष्ठाच्या जागी करडा चौकोन दिसतो. जे दुकानात विकले जाते तेच पुस्तक, असा त्या व्यवस्थेचा साधा नियम आहे. म्हणजे चळवळीने शंभर वर्षे ज्या वाटेने वाचले, ती वाटच त्या हिशेबात नाही.

एका वेगळ्या वाचनाचे तर काय करायचे हेच मला अजून नीट सुचलेले नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाचे तीन महिने विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मोठ्याने वाचला जातो. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी थांबवून विचारते, पुन्हा ते पान वाचले जाते. माझी आत्या वीसेक वर्षे या वाचनाला बसते आहे. तिला अक्षरे लागतात, पण जोडाक्षरांशी अडते. तिने किती पुस्तके वाचली? आकड्याच्या भाषेत एक, किंवा शून्य. पण त्या पुस्तकातला परिव्रज्येचा भाग, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेले भांडण आणि संघात एकट्या पडलेल्या सिद्धार्थाची भूमिका, हे ती ज्या बारकाईने सांगते तसे सांगणारा साठवाला वाचक मला अजून भेटायचा आहे. सवर्ण घरातल्या पोथीवाचनाला 'परंपरा' म्हणतात, पारायणाला संस्कार म्हणतात. विहारातल्या या वाचनाला वाचन म्हणायलाही कोणी तयार नसते.

तिसरा रकाना, कुठे बसून वाचले. तो मी बेबीताई कांबळे यांच्यामुळे घातला. 'जिणं आमुचं'च्या इंग्रजी अनुवादात माया पंडित यांनी घेतलेली त्यांची मुलाखत आहे. फलटणच्या त्यांच्या दुकानात सामान बांधायला रद्दी यायची, तिचे कागद त्या वाचून काढत. आणि लिहिलेले मात्र घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवत. पुड्या बांधण्याआधी वाचलेल्या कागदाला नाव नसते, लेखक नसतो, पहिले पान नसते, शेवटचे नसते. बाई म्हणून आणि दलित बाई म्हणून वाचनाची जागा चोरावी लागते, हे त्या एका तपशिलात जेवढे आहे तेवढे सिद्धान्ताच्या पुस्तकात शोधावे लागते. माझ्या वहीत त्या मानाने सुखाच्या जागा आहेत: वसतिगृहाची गच्ची, ग्रंथालयाचा पंख्याखालचा कोपरा, गावी गेले की रात्री सगळे निजल्यावर ओट्याजवळचा बल्ब. सुट्टीच्या महिन्यात माझे वाचन कमी होते. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे सुट्टीतच वाढते. हा फरक आवडीनिवडीचा म्हणायचा का?

आता मुख्य मुद्दा. पीएचडीच्या एका मुलाखतीत मला विचारले गेले, "आंबेडकर सोडून काय वाचले आहे?" मी सांगितले. वेबर, दुर्खाइम, द्युमाँ, श्रीनिवास, पुढेही बरेच. माझ्या वहीतल्या महिन्यांच्या क्रमाने सांगितले. समितीतल्या एकाने मान डोलावली आणि विषय बदलला. हा प्रश्न आपल्यातल्या अनेकांना कुठे ना कुठे विचारला गेला आहे. उलटा प्रश्न कोणाला विचारल्याचे मी आजवर ऐकलेले नाही: "श्रीनिवास सोडून काय वाचले आहे?" वर्षाला साठ पुस्तके वाचणाऱ्याच्या यादीत एकही दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त लेखक नसला तरी ते 'व्यापक वाचन' ठरते. आमच्या यादीत वीसपैकी आठ जातीवरची असली की 'एकांगी'.

ज्या विषयात मला हा प्रश्न विचारला गेला त्या विषयाचा इतिहासच पाहा. बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला. १९१७ साली तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. घुर्ये यांचे जातीवरचे प्रसिद्ध पुस्तक आले १९३२ साली. तरी भारतीय समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांनी दशकानुदशके घुर्ये यांच्यापासून सुरुवात केली आणि आंबेडकरांना राज्यशास्त्राच्या, घटनेच्या खात्यावर टाकले. शर्मिला रेगे यांच्यासारख्या मोजक्या अध्यापकांनी ही बाब वर्गात आणि पुस्तकांत लावून धरली, तेव्हा कुठे वाचनयाद्या हलू लागल्या. अभ्यासक्रमाची यादी हीदेखील कोणाच्या तरी वैयक्तिक वाचनाची मोठी झालेली नोंद असते. ज्याने आयुष्यात जे वाचले तेच तो शिकवायला लावतो.

आणि त्या १९१६च्या निबंधाचा गाभा काय? अंतर्विवाह. जात टिकते ती आपल्यातच लग्ने लावून. वाचनालाही हे लागू करून पाहावे. मित्राने सुचवले, मित्राच्या ओळखीच्या प्रकाशकाने काढले, मित्राच्या मामांनी परीक्षण लिहिले, त्याच परीक्षणावरून पुढच्या मित्राने घेतले. पुस्तके आपापल्यातच फिरत राहतात. कोणी दार लावलेले नसते, पण बाहेरचे कोणी आत येत नाही. साठ पुस्तके वाचणाऱ्या कोणत्याही प्रामाणिक माणसाने मागच्या बारा महिन्यांची यादी काढावी आणि प्रत्येक नावापुढे फक्त एवढेच लिहावे: हे मला कोणी सुचवले? आडनावे आपोआप बोलतील. त्यासाठी माझा लेख वाचायचीही गरज नाही.

आपल्यातूनही दोन आक्षेप येतात, ते मी ऐकलेले आहेत. पहिला: नोंदी-बिंदी ही मध्यमवर्गीय हौस आहे, वाचायचे ते कृतीसाठी. हे म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला आदर आहे, पण संशोधक म्हणून मी त्यांच्याशी भांडणार. चळवळीतल्या लेखकांची चरित्रे आपल्याकडे आहेत, सभांचे वृत्तान्त आहेत, ठराव आहेत. वाचकाचा मागमूस नाही. १९५० किंवा १९७०च्या एखाद्या वस्तीत कोणते पुस्तक कोणत्या हातांतून फिरले, कोणी कोणाला वाचून दाखवले, हे शोधायला गेले की कागदच सापडत नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला'साठी दारोदार फिरून म्हाताऱ्या बायांना बोलते केले, कारण कागदोपत्री त्या बाया नव्हत्या. ते पुस्तक १९८९ साली आले. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यातल्या कित्येकजणी सांगायला उरल्या नसत्या. पुण्याच्या सुगावा प्रकाशनाची पुस्तके विलास वाघ सरांनी खेड्यापाड्यांत पोहोचवली, असे आपण अभिमानाने सांगतो. कोणत्या खेड्यात, कोणाच्या घरी? त्या घरांतल्या एखाद्याने वही ठेवली असती तर आज माझा एक अख्खा प्रकरणभर मजकूर तिथून आला असता.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: मग यादीत फक्त आपलेच लेखक ठेवा. नाही. थॉमस पेन वाचून फुले घडले, ड्यूई यांच्या वर्गात बसून आंबेडकर घडले. कोणी काय वाचावे यावर पहारा बसवणे हा आपला धंदा नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचा होता. माझ्या मागच्या महिन्यात फूको आहे, एक डिटेक्टिव्ह कादंबरी आहे, आणि बामा यांचे 'करुक्कु' आहे. शेवटचे मूळ तमिळ, मी वाचले इंग्रजीतून. दुसऱ्या राज्यातल्या दलित बाईचे आत्मकथन मला इंग्रजीच्या पुलावरून का आणावे लागते, हा प्रश्न मला भाषेच्या रकान्यामुळेच पडला. हैदराबादच्या मुलीला 'बलुतं' वाचायचे तर तिलाही बहुधा याच पुलावरून यावे लागते. टोल इंग्रजीचा, आणि तो प्रत्येकाला परवडत नाही. मराठी-तेलुगू, मराठी-तमिळ असा थेट अनुवाद करणारी आपली माणसे किती आहेत, याची मोजदाद करायची असेल तर त्या आकड्याला माझी हरकत नाही.

तेव्हा ज्यांना महिन्याची यादी करायची आहे त्यांनी जरूर करावी, वसतिगृहातल्या मुलामुलींनी तर नक्की. अर्धवट सोडलेले पुस्तकही लिहावे, परत द्यायची मुदत संपली म्हणून सोडले असेल तर तसे लिहावे. फेलोशिप ज्या महिन्यात थकली त्या महिन्यात किती पुस्तके विकत घेतली ते लिहावे. झेरॉक्स काढली असेल तर पानाला किती पडले ते लिहावे. वाचून दाखवले असेल तर कोणाला, ऐकले असेल तर कोणाच्या आवाजात. आत्याच्या विहारात यंदाच्या वर्षावासाला मी एक वही ठेवली आहे: तारीख, वाचणाऱ्याचे नाव, कोणत्या पानापर्यंत आले, ऐकायला कोण कोण होते, आणि कोणी काय विचारले. पहिल्या आठवड्यात शेवटचा रकाना पुरला नाही, जोडपट्टी लावावी लागली.